चंदनाच्या आधी

“माझं मशीन कुणाच्याबी गाण्याला साथ करंल, आणि चुकणार न्हाय,” असं मी निपाणीच्या व्यापारी मंडळाच्या समारंभात माईकवर सांगितलं. पुढच्या रांगेत तंबाखूचे सगळे दलाल सहकुटुंब बसलेले. टाळ्या पडल्या. माझी बहीण चंदना तंबोरा घेऊन तयार होती. तिनं षड्ज लावला, मी बटण दाबलं, आणि तेवढ्यात बाहेर हायवेवरनं चाललेल्या एका ट्रकनं हॉर्न दिला. साधा न्हाय, पाच सुरांचा, नागमोडी.

मशीनला चंदनापेक्षा ट्रक आवडला.

त्यानं हॉर्नचा सूर पकडला, त्याच्यावर एक तान घेतली, दुसरी घेतली. ट्रक तवंदी घाटाला लागला तरी मशीन त्याच्या आठवणीत वाजतच राहिलं. बिचारी चंदना वेगळ्याच पट्टीत डोळे मिटून गात होती. लोक हसून हसून खुर्च्यांवरनं घसरले. हायस्कुलातले संगीताचे सत्याप्पा मास्तर पेटी घेऊन स्टेजवरच होते. ते माईकजवळ वाकून म्हणाले, “इंजिनेर, ट्रकची साथ झक्कास झाली. आता बैलगाडीला बोलवा, ठेक्याची सोय होईल.”

हे सत्त्याऐंशी सालातलं. मी बेळगावला इंजिनिअरिंग करून घरी परत आलतो आणि आमच्या आप्पांच्या मते वखारीत बसायचं सोडून खेळत होतो. खेळणं म्हणजे मुंबईहून आणलेला एक कॉम्प्युटर. पेटीच्या भात्याएवढाबी न्हाय. पडदा म्हणून घरातला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही जोडायचा, आणि प्रोग्रॅम रोज कॅसेटवरनं आत घालायचा, कारण बंद केलं की हे मशीन सगळं विसरायचं. सगळं म्हणजे सगळं. काल काय वाजवलं, कुणाबरोबर वाजवलं, काय सुद्धा शिल्लक राहायचं न्हाय. ही गोष्ट पुढं लई महत्त्वाची हाय, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

माझा प्रोग्रॅम साधा होता. माईकमधनं गाण्याचा सूर ऐकायचा, आणि त्याला शोभंल असं काहीतरी आपल्या मनानं वाजवायचं. आवाज पिपाणीसारखा, एका वेळी एकच सूर. पण चंदनाला त्याची गरज होती. आप्पांनी तिला शब्द दिलता: “धारवाडच्या रेडिओची ऑडिशन पास झालीस तर धारवाडलाच राहून गाणं शीक. लग्नाचं नंतर बघू. न्हाय झालीस तर चिकोडीच्या मगदुमांना होकार कळवतो.” आप्पा तंबाखूच्या सौद्यात शब्द फिरवायचे न्हाईत, मग पोरीच्या बाबतीत कशाला फिरवतील? मगदुमांचा मुलगा तसा वाईट न्हवता. फक्त त्याच्या घरी गाणं म्हणजे रेडिओ बंद करायचं निमित्त होतं.

आणि रोज साथीला बसणार कोण? मास्तरांना शाळेतनं एखाद-दुसरी दुपारच मोकळी मिळायची, आणि आमचं घर जैनांचं. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची, त्यामुळं गाणं जे काय व्हायचं ते दुपारी. म्हणून दुपारचा राग, भीमपलास. म्हणून मशीन.

वखारीच्या माडीवर आमची बैठक. खाली गंगव्वा आणि तिच्या बायका तंबाखूची पानं निवडायच्या, आणि फळ्यांच्या फटींतनं धूळ वर यायची. कॅसेटवरनं प्रोग्रॅम आत घालताना किरर्र असा आवाज व्हायचा, की खालनं गंगव्वा ओरडायची, “पद्मराजअण्णानं सोडले बघा रातकिडे!”

पहिले काही दिवस मशीन चंदनाच्या लई मागं पडायचं. ती गंधारावर पोचली की हे अजून षड्जात. सत्याप्पा मास्तर मांडीवर हात आपटून म्हणायचे, “मागं चालणं बरोबर हाय. साथ मागंच चालती. पण हे तुझं मशीन मयताला तिरडी उचलल्यावर पोचणाऱ्या पाव्हण्यासारखं येतंय.”

मास्तरांचे वडील आमच्याच वखारीत पोती उचलायचे. मास्तर आता वर आले की आप्पांच्या समोरची खुर्ची स्वतः ओढून घ्यायचे आणि मग आप्पांना म्हणायचे, “बसा की.” त्यांची जीभ सगळ्यांना माहीत होती. पण ते ‘मयता’चं मला लागलं. मी ठरवलं, मशीनला मागं राहू द्यायचं न्हाय. कुठल्या सुरानंतर चंदना कुठल्या सुरावर जाती हे गाणं चालू असताना मशीन मोजत राहील, आणि पुढचा सूर अंदाजानं आधीच धरील. फार न्हाय, एकच सूर पुढं.

झालं. मशीन चंदनाच्या बरोबरीनं चालायला लागलं. दोघं एकदम समेवर यायची. चंदना गाता गाता हसायची. आप्पा एकदा जिन्यात उभं राहून ऐकून गेले आणि काही बोलले न्हाईत, म्हणजे त्यांना आवडलं. मास्तरांनी पेटीवरचा हात उचलला आणि म्हणाले, “माझी आता पेन्शन काढा.”

मग एका दुपारी चंदना मधेच थांबली.

“अण्णा, मला मध्यमावरनं वळून खाली यायचं होतं.”

“मग ये की.”

“ते आधीच आलं. मी मनात आणलं आणि ते वळलंसुद्धा.”

“अंदाज चांगला लागला गं त्याचा.”

ती तंबोऱ्याच्या खुंट्या उगाच पिळत राहिली. “व्हय,” म्हणाली. “चांगलाच लागला.”

आता शिंकेचं सांगतो. निपाणीत शिंक हा अपशकुन न्हाय. मानला असता तर गावात एक लग्न लागलं नसतं आणि एक दुकान उघडलं नसतं. तंबाखूची धूळ नाकात गेली की माणूस शिंकतो, विषय संपला. मशीन मात्र शिंकेला उंच सूर समजायचं आणि तिला उत्तर द्यायचं: टियांव! मास्तर शिंकले की टियांव. खालनं गंगव्वा शिंकली की टियांव. आम्हाला त्याची सवय झालती. चंदना तर त्या टियांवला सुद्धा तानेत घ्यायची.

त्या दिवशी चंदना अजून गायला लागली नव्हती. मास्तर चहा बशीत ओतत होते. मशीन म्हणालं, टियांव.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. कुणी शिंकलं नव्हतं.

मास्तरांचं तोंड वाकडं झालं, नाक फेंदारलं, आणि ते असे शिंकले की बशीतला चहा माझ्या शर्टावर. रुमालानं नाक पुसत म्हणाले, “इंजिनेर, तुझं मशीन आता माझ्या नाकात डोकवायला लागलं.” आम्ही तिघंबी पोट धरून हसलो.

टियांव.

हसू थांबलं. आम्ही वाट बघितली. मी शर्ट झटकत होतो तो हात तसाच राहिला.

खाली गंगव्वा शिंकली. “अय्यो,” म्हणाली, आणि पुन्हा पानं निवडायला लागली.

मी शिकलेला माणूस. मी मशीन उघडलं. आत तंबाखूची धूळ साठली असणार, काहीतरी चुकीचं जोडलं जात असणार. दाढीच्या ब्रशनं सगळं साफ केलं. प्रोग्रॅममधनं अंदाजाच्या ओळी काढून टाकल्या, म्हणजे आता ते आधीसारखं मागं पडायला पाहिजे. कॅसेटवर नवीन प्रोग्रॅम भरला. रातकिडे सोडले.

ते मागं पडलं न्हाय. आता एक सूर न्हाय, अख्खी ओळ पुढं होतं. आधी मशीन एक जागा घ्यायचं, आणि मग चंदनाचा गळा तिथंच जायचा. ती टाळायला बघायची. मला दिसायचं, तिच्या मानेची शीर ताणायची, ती दुसरीकडं वळायला बघायची. पण मशीन त्या वळण्यावरसुद्धा आधीच जाऊन बसलेलं असायचं.

“आपण कधीपासनं ह्याच्या मागं गातोय?” चंदनानं मास्तरांना विचारलं.

मास्तर पेटीच्या पट्ट्या पुसायला लागले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “मी त्या मयताचं उगाच बोललो.”

त्याच आठवड्यात चंदना तंबोऱ्याच्या तारा आणायला बेळगावला मावशीकडं गेलती. सकाळी माडीवर मी एकटा. म्हटलं, आता सोक्षमोक्ष लावू. माईकची वायर ओढून काढली आणि खिशात घातली. रात्री बंद केल्यावर कालचं सगळं ते विसरलेलं, आणि आता ह्याला ऐकायलाबी काही न्हाय. ऐकायला न्हाय म्हणजे वाजवायलाबी न्हाय. टीव्हीच्या काळ्या पडद्यावर पांढरा ठिपका लुकलुकत होता. खाली बायका बोलत होत्या. मी विडा लावून घेतला.

मशीन वाजलं.

एक छोटी जागा. पंचमावरनं खाली येताना मधेच अडखळल्यासारखं करून, पुन्हा वर बघून, मग खाली. पायरीवर पाय ठेवता ठेवता कुणी हाक मारावी तसं. मी अशी जागा कधी ऐकलेली न्हवती. ते तीच जागा पुन्हा पुन्हा वाजवत राहिलं, म्हणून मला टेपरेकॉर्डरवर भरून घ्यायला वेळ मिळाला. मास्तरांना ऐकवायची होती.

जेवणाच्या वेळेला चंदना आली. उन्हं अजून होती. चपला काढतानाच म्हणाली, “अण्णा, आज काय झालं सांगू? परत येताना काकतीजवळ आमच्या गाडीसमोर म्हशींचा कळप आला. गाडी थांबली. आणि तिथं बसल्या बसल्या मला एक जागा सुचली. लई दिवसांनी माझी माझी. ऐक.”

तिनं ती गायली. अडखळली, वर बघितलं, खाली आली.

मला टेप लावायचा न्हवता. पण तिनं माझं तोंड बघितलं. “काय झालं?” म्हणाली, आणि माझ्या हातातला टेपरेकॉर्डर घेऊन स्वतःच बटण दाबलं.

ऐकून झाल्यावर तिनं बटण बंद केलं, टेप सकाळचा हाय हे माझ्याकडनं काढून घेतलं, आणि टेपरेकॉर्डर हळू खाली ठेवला. घरातनं आई जेवायला हाका मारत होती.

“म्हणजे काकतीला मला सुचलं ते उष्टं होतं,” ती म्हणाली. “माझ्या ताटात कुणीतरी आधीच जेवून उठलेलं, आणि मी तेच चाटून पुसून खातीय.”

त्या दिवशी ती जेवली न्हाय. सूर्य मावळला, आणि मग जेवायचा प्रश्नच उरला न्हाय.

ऑडिशन जवळ आलती. मास्तर आदल्या दिवशीच पेटी घेऊन धारवाडला पुढं जाणार होते, तिथं त्यांचा भाचा होता. साथीला तेच बसणार, अशी त्यांनी तिथल्या ओळखीतनं सोय केलती. आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पांच्या जीपनं निघणार.

मास्तर गेले त्या दुपारी चंदना माडीवर आली. मला वाटलं, ती मशीन फोडायला आली. तर ती मांडी घालून बसली आणि तंबोरा जुळवला.

“चालू कर.”

“कशाला गं?”

“मी तोंड उघडणार न्हाय. ते किती लांबपर्यंत जातंय ते मला बघायचंय.”

मी चालू केलं. माईकची वायर माझ्या खिशातच होती. चंदना नुसता तंबोरा छेडत होती, ओठ घट्ट मिटून.

मशीन सुरू झालं. आलाप. मग बंदिश. मग ताना. पिपाणीचा तोच आवाज, पण गाणं चंदनाचं होतं. तिचं दम घ्यायचं, सम यायच्या आधी जरा रेंगाळायचं, सगळं. फक्त तिच्यापेक्षा चांगलं. ती पाच वर्षांनी गाईल तसं. ते मला सगळ्यात वाईट वाटलं.

चंदनाच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं आणि तंबोऱ्यावरची बोटं सारखी चालत होती.

शेवट आला. खाली उतरत उतरत ते निषादावर आलं. आता पुढं षड्ज. घर.

ते निषादावरच थांबलं.

तंबोरा चालूच होता. आम्ही वाट बघत बसलो. उंबऱ्यापर्यंत येऊन कुणी आत येईना, तसं.

“झालं?” चंदनानं विचारलं.

“झालं वाटतं.”

“बंद कर.”

मी बंद केलं. मग टीव्ही सोडून सगळं खाली नेलं. वखारीमागं तंबाखूच्या काड्या जाळायची जागा हाय, तिथं कॉम्प्युटर, कॅसेटी, वायरी, सगळ्याची होळी केली. प्लॅस्टिकचा असा वास सुटला की गंगव्वानं पदर नाकाला लावून विचारलं, “अण्णा, रातकिडे मेले काय?” मी म्हटलं, “व्हय, मेले.” चंदना लांब उभी राहून बघत होती. “आता धारवाडलाच तोंड उघडणार,” म्हणाली. “तिथं जे सुचंल ते. तोपर्यंत सुचलं तरी गिळून टाकणार.” खरोखर, त्यानंतर ती बोलली, पण गुणगुणलीसुद्धा न्हाय.

पहाटे निघालो. भरमू जीप चालवत होता, आप्पांचा जुना ड्रायव्हर. तवंदी घाटात अर्ध्यावर फॅनबेल्ट तुटला. भरमूनं परकराची नाडी मागितली. चंदनानं पिशवीतल्या परकराची काढून दिली. ती एका वळणापुरती पुरली. मग भरमू चालत संकेश्वरला गेला आणि ट्रॅक्टरचा पट्टा घेऊन आला, तो बसंना. त्या दिवशी संकेश्वरला यात्रा, त्यामुळं एस.टी. म्हणा, ट्रक म्हणा, टपावरसुद्धा माणसं. मी रस्त्याच्या मधे उभा राहून हात केले. चंदनानं तंबोरा वर धरला. कुणीतरी तंबोऱ्याला नमस्कार केला आणि पुढं गेलं.

ऊन डोक्यावर आलं. चंदना दगडावर बसलेली. ऑडिशनची वेळ झाली तेव्हा तिनं माझ्या मनगटाकडं बघितलं, मी घड्याळ झाकलं.

“आत्ता मास्तर पेटी उघडत असतील,” ती म्हणाली.

भरमूनं शेवटी कुणाच्या तरी ट्रकला दोरी बांधून जीप निपाणीला आणली. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. जीपवर रागावले, भरमूवर रागावले, मग चंदनाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि आत जाऊन चिकोडीला फोन लावला. मगदुमांना होकार कळवला. शब्द म्हणजे शब्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माडीवर बसलेलो. आप्पा लग्नाला कुणाकुणाला बोलवायचं ते तोंडानं म्हणत होते. जिन्यात पावलं वाजली. सत्याप्पा मास्तर, खांद्यावर पेटी, हातात पेढ्यांचा पुडा. शेवटच्या पायरीवरच थांबले, चंदनाला बघून त्यांचं तोंड उजळलं.

“काय गं, माझ्या आधी पोचलीस व्हय? बाहेर येऊन बघतो तर तू गायब. गुरूला एक नमस्कार तरी करायचा!”

आप्पा नावं म्हणता म्हणता मास्तरांकडं वळले.

“आप्पा, पोरगी पास हाय. कागद येईल नंतर, पण तिथल्या साहेबानं मला बाजूला घेऊन सांगितलं. तीस वर्षांत मी असा भीमपलास ऐकलेला न्हाय. मी आपला मागं मागं. श्वास कुठं घेत होती तेच कळंना. घेतलाच न्हाय म्हणा की.”

“पास?” आप्पा म्हणाले. “मग चिकोडीला परत फोन लावायला पाहिजे.” आणि उठायला लागले.

“मास्तर,” मी म्हटलं, “आम्ही गेलोच न्हाय. जीप तवंदीत बंद पडली.”

मास्तर हसले. माझ्याकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं. आप्पा अर्धवट उठून तसेच राहिले होते.

“चेष्टा करू नको रं, इंजिनेर. दोन हातांवर बसलेली माझ्यापासनं. हीच साडी.”

चंदना घाटात हीच साडी नेसलेली. पदराला जीपचं काळं वंगण लागलेलं अजून दिसत होतं.

“शेवट कसा केला?” मी विचारलं. 

“तेवढंच एक खटकलं बघ.” मास्तर तिच्याकडं वळले. “निषादावर सोडून दिलंस. मी षड्ज धरून बसलोय, आता येईल, मग येईल. तू आली न्हाईस.”

तो शेवट माडीवर फक्त दोघांनी ऐकलेला. मी आणि चंदनानं.

चंदना उठली. ती जिन्याच्या तोंडाशी, मास्तरांच्या समोर जाऊन उभी राहिली. मला कळलं ती काय करणार. तिला फक्त षड्ज लावायचा होता. आवाज अजून आपला हाय का न्हाय, बघायला.

तिनं श्वास घेतला. तोंड उघडलं. मानेची शीर ताणली, फुगली. 

खाली गंगव्वाच्या बायका पानं निवडत होत्या. त्याची सळसळ ऐकू येत होती. दुसरं काही ऐकू आलं न्हाय.

चंदना तोंड मिटेना.

मास्तर एक पाऊल मागं सरले. मागं पायरी होती. ते कठड्याला धरून वाचले, पण खांद्यावरची पेटी सुटली, जिन्यावरनं गडगडत खाली वखारीत गेली, आणि तिचा भाता फाटला.